अक्षर आपले, किल्ली कोणाची?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे बासनात बांधून पडलेली दप्तरे एकाएकी उघडली गेली. निजामी राजवटीतील नोंदींमध्ये ‘कुणबी’ या शब्दाचा शोध घ्यावयाचा होता. यांतील कित्येक नोंदी मोडीत होत्या, कित्येक उर्दूत. मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली, उर्दूच्या जाणकारांना पाचारण करावे लागले. त्या शोधातून निघालेल्या निष्कर्षांविषयी आणि त्यामागील राजकारणाविषयी मतभेद आहेत व ते राहणारच. परंतु या प्रकरणातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध झाली. ज्या राजवटीचा अंत १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला, त्या राजवटीतील कारकुनाने बोरूने लिहिलेली एक ओळ आज हजारो कुटुंबांच्या हक्कांचा आधार ठरू शकते, आणि ती वाचण्यासाठी लिपी जाणणारा माणूस भेटला की पुरे होते. ती वाचण्यास कोणाचा परवाना लागत नाही.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळी हे गाव त्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले. तेथील एखाद्या कुटुंबाला आपल्या पणजोबाची नोंद हवी असेल, तर ती कोणत्या तरी दप्तरात, वाळवीने खाल्ली नसेल तर, सापडू शकेल. आता याच गावच्या पुढील पिढीचा विचार करावा. आज पिंगळीत जन्मलेल्या मुलाच्या नातवाला ऐंशी-नव्वद वर्षांनंतर १९९८ सालच्या एखाद्या कागदाची गरज भासली आणि तो कागद केवळ संगणकावरच टंकलिखित होऊन राहिला असेल, तर तो त्याला वाचता येईल काय? प्रश्न काल्पनिक वाटेल. परंतु त्याचे उत्तर मिळण्यासाठी ऐंशी वर्षे थांबण्याचे कारण नाही. ज्या कचेऱ्यांतून, शाळांतून व छापखान्यांतून १९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर उतरविला गेला, तेथील जुनी फाइल आज नव्या यंत्रावर उघडली की बहुधा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांची अर्थहीन गर्दी दिसते. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी फाइल वाचता येत नाही, ही आपल्या प्रगतीवरील एक बोलकी टीका आहे.

कुलूप कसे लागले

हे कसे घडले हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यात कोणाचेही कपट नव्हते. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानावयाचे, हा एक संकेत असतो. त्या काळच्या व्यवस्थेत एका टंकासाठी, म्हणजे रूढ भाषेत एका फाँटसाठी, फार तर २५६ जागा उपलब्ध होत्या आणि त्या इंग्रजीच्या सोयीने आखलेल्या होत्या. मराठीची गरज तातडीची होती. वृत्तपत्रांना, प्रकाशकांना, शासनाला मराठी आजच हवी होती. तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरे आपापल्या क्रमाने बसविली. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशी नावे त्या काळच्या प्रत्येक टंकलेखकाच्या तोंडी होती. या उत्पादनांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु एकाने ज्या आकड्याला ‘क’ मानले, त्यालाच दुसऱ्याने ‘ह’ मानले. परिणामी लेखक मराठीत लिहीत होता खरा, पण यंत्राच्या पोटात साठत होते ते त्या त्या कंपनीचे सांकेतिक लिखाण. त्याची किल्ली त्या कंपनीच्या टंकात होती. टंक नाही, तर मजकूरही नाही.

येथे अधिक खेदाची बाब अशी की, सर्वांना समान असा संकेत देशात तयार होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे संशोधन पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेत आले. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘इस्की’ हा संकेत आकारास आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. सर्व भारतीय लिप्यांसाठी समान असा ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकही १९८६ मध्येच ठरला होता. म्हणजे ज्ञानाचा अभाव नव्हता, मानकाचाही नव्हता. अभाव होता तो खरेदी करणाऱ्याच्या आग्रहाचा. शासन हा मराठी सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा ग्राहक होता. ‘जो मजकूर प्रमाण संकेतात साठविला जाणार नाही, त्यासाठी पैसा दिला जाणार नाही’ एवढी एकच अट निविदेत घातली गेली असती, तर पुढचा सारा गोंधळ टळला असता.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तंत्रज्ञानाच्या बाजारात ग्राहकाला किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा आत शिरताना आणि दुसऱ्यांदा बाहेर पडताना. पहिली किंमत निविदेत आकड्यांनी लिहिलेली असते. दुसरी कोठेच लिहिलेली नसते. कर्मचाऱ्यांची बोटे एका कळफलकाला सरावतात, हजारो फाइली एका संकेतात साठतात आणि मग दुसरी वस्तू स्वस्त किंवा चांगली असली तरी तिच्याकडे वळणे परवडत नाही. जमीनदार जसा जमिनीवरील केवळ मालकीच्या बळावर खंड वसूल करतो, तसा हा तंत्रज्ञानाचा खंड आहे. तो कौशल्याचा मोबदला नव्हे, तर दुसऱ्याच्या अडचणीचा मोबदला होय.

दोन विचार

या प्रश्नाचा वैचारिक उगम मात्र भारतात नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आपण श्रमाने तयार केलेली आज्ञावली लोक फुकट उतरवून घेतात ही चोरी होय, असा त्याचा आशय होता. श्रमाला मोबदला हवा हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. त्यातूनच पुढे सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू झाली. तथापि विक्री झाली ती वस्तूची नव्हे, तर तिच्या वापराच्या परवान्याची. आतली रचना ग्राहकापासून झाकलेलीच राहिली.

याउलट सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याची रचना अभ्यासण्याचे, ती बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९८९ मध्ये त्यांनी जो सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला त्यात एक मार्मिक अट होती: ज्याने मुक्त सॉफ्टवेअर घेऊन ते सुधारले व पुढे वाटले, त्याने सुधारलेली रचनाही तितकीच मुक्त ठेवली पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आज जगातील बहुतेक मोठी संगणक-केंद्रे या लिनक्सवर चालतात.

परभणीच्या वाचकाला हा भेद समजावून सांगण्यासाठी संगणकाची गरज नाही. बियाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ऐंशीच्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण दिले. ते सरळ वाण असल्याने शेतकरी त्याचे बी राखून पुढील वर्षी पेरू शकतो, शेजाऱ्याला ओंजळभर देऊ शकतो. त्याच जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापसाची कथा वेगळी आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागतेच; परंतु २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर त्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर जनुकाच्या मालकीचा आकारही चढला. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतल्यानंतर पिशवीची किंमत ७५० रुपयांवर आली. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्रानेही कापूस बियाण्याच्या किमतीसाठी कायदा केला. बीटीने शेतकऱ्याचा लाभ झाला की तोटा, हा वेगळा वाद आहे. येथे मुद्दा एवढाच की, पहिल्या बियाण्याचा स्वामी शेतकरी आहे आणि दुसऱ्याचा तो वार्षिक भाडेकरू आहे. संसदेने २००१ मध्ये वाण-संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नोंदविला. बियाण्याच्या बाबतीत जी जागरूकता कायदेमंडळाने दाखविली, ती लिपीच्या व दप्तराच्या बाबतीत मात्र दिसली नाही.

सुटका आणि नवी कोंडी

मराठी अक्षराची सुटका झाली ती एका खुल्या मानकामुळे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ने जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा, सर्वमान्य क्रमांक दिला. त्यातील देवनागरीची मांडणी भारताच्या ‘इस्की’वरच आधारलेली होती. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरी आली ती ‘मंगल’ या टंकासह. त्याची घडण कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांची होती. पुढे रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली दिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’, ‘बलू’ असे सुंदर टंक सर्वांसाठी खुले केले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच खुल्या संकेतावर उभा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये युनिकोडला प्रशासनासाठी प्रमाण मानले, २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. आज मराठीत पाठविलेला निरोप कोणत्याही दूरध्वनीवर मराठीतच उमटतो, त्याचे कारण कोणा एका कंपनीचे औदार्य नसून हे सामायिक मानक आहे.

तेव्हा लढाई जिंकली, असे कोणी म्हणेल. उद्योगपतींची भाषाही बदलली आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ मध्ये मुक्त-स्रोत कार्यक्रमांचे जगातील सर्वांत मोठे भांडार असलेले ‘गिटहब’ साडेसात अब्ज डॉलर्सना विकत घेतले; आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅटसाठी ३४ अब्ज डॉलर्स मोजले. परंतु या हृदयपरिवर्तनाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. विहीर सार्वजनिक राहिली, पण तिच्यावरची मोट खासगी झाली. गूगलचे ‘अँड्रॉइड’ हे याचे उत्तम उदाहरण. त्याचा गाभा मुक्त आहे. परंतु त्याभोवतीच्या अटी अशा रचल्या गेल्या की, भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. केवळ रचना उघडी असणे म्हणजे सत्ता वाटली जाणे नव्हे, हा त्याचा धडा.

दुसरे उदाहरण त्याहून अधिक अस्वस्थ करणारे आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ या कंपनीची सेवा अचानक थांबविली. पैसे भरलेले होते, करार चालू होता, भारतातील कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. नायराकडे वकील होते, म्हणून काही दिवसांत प्रश्न सुटला. उद्या अशी वेळ एखाद्या जिल्हा परिषदेवर आली तर?

यावर ‘स्वदेशी’ हे उत्तर सुचविले जाते आणि ते आकर्षकही आहे. लक्षावधी केंद्रीय कर्मचाऱ्यांचा ई-टपाल व्यवहार चेन्नईच्या ‘झोहो’ या कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आला, तो याच भावनेने. परकीय सत्तेच्या लहरीपासून त्याने संरक्षण मिळेल हे खरे. परंतु कुलूप अलिगढचे असले म्हणून किल्ली आपोआप आपल्या कमरेला येत नाही. श्री-लिपी आणि आकृती याही स्वदेशीच होत्या. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘कंपनी कोणत्या देशाची?’ हा नसून ‘उद्या आपणांस तिच्याकडून निघावयाचे झाले, तर आपले दप्तर आपल्याबरोबर येईल काय?’ हा आहे.

काही आक्षेप

मुक्त सॉफ्टवेअरवर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. मग त्याची निगा कोण राखणार? २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सुरक्षा-प्रणालीत गंभीर दोष आढळला. जगभरच्या आर्थिक व्यवहारांचा भरवसा जिच्यावर, तिची देखभाल मूठभर माणसे अत्यल्प देणग्यांवर करीत होती, हे तेव्हा उघड झाले. हा आक्षेप खरा आहे. पण तो मुक्ततेविरुद्धचा नसून फुकटेपणाविरुद्धचा आहे. रस्ता सर्वांसाठी खुला असतो, म्हणून तो दुरुस्तीवाचून चालतो असे नाही. सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्व घेतात आणि खर्च कोणीच करू इच्छित नाही, ही अर्थशास्त्रातील जुनी अडचण आहे आणि तिचा उपायही जुनाच आहे: सार्वजनिक निधी. परवान्यांवर वाचणाऱ्या पैशाचा एक हिस्सा देखभालीवर खर्च केला पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रशिक्षणाचा. कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना जे येते तेच वापरू द्यावे, असे म्हणतात. येथे महाराष्ट्र आणि केरळ यांची तुलना उद्बोधक आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने लक्षावधी तरुणांना व नोकरदारांना संगणकाची पहिली ओळख करून दिली. हे श्रेय मोठे आहे. परंतु ती ओळख मुख्यतः एकाच कंपनीच्या विंडोजची व ऑफिसची होती. केरळने त्याच सुमारास शाळांसाठी संगणक-शिक्षणाची योजना सुरू केली आणि काही वर्षांतच ती मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. तेथील शाळांतून लिनक्सची स्वतःची आवृत्ती चालते, ती मल्याळममध्ये आहे आणि ती चालविण्याचे शिक्षण शाळेतील शिक्षकांनाच दिले गेले आहे. म्हणजे सवय ही नैसर्गिक गोष्ट नसून ती घडविली जाते. एका राज्याने ग्राहक घडविले, दुसऱ्याने काही प्रमाणात तरी कारागीर घडविले.

हा भेद आता अधिक महत्त्वाचा ठरणार आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने तेच नाट्य नव्या रंगमंचावर सुरू झाले आहे. ‘मेटा’चे मार्क झुकरबर्ग आपल्या ‘लामा’ या प्रणालीला मुक्त-स्रोत म्हणत आले. परंतु तिच्या परवान्यात ७० कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असलेल्या स्पर्धकांना वेगळी परवानगी मागावी लागण्याची अट होती आणि ती ज्या मजकुरावर घडली तो मजकूर झाकलेलाच राहिला. याउलट आयआयटी मद्रासच्या ‘एआय-फोर-भारत’ने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी अनुवादाची प्रणाली खुली केली. हे यंत्र वाचते तो संगणकावर उपलब्ध असलेला मजकूर. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. परंतु संगणकाच्या पहिल्या दशकातील जो मराठी मजकूर जुन्या टंकांच्या कुलपात पडून आहे, तो या नव्या यंत्राच्या दृष्टीने लिहिलाच गेलेला नाही.

करावयाचे काय?

उपाय अवाढव्य नाहीत. राज्य शासनाने, विद्यापीठांनी व जिल्हा परिषदांनी यापुढील प्रत्येक संगणकीय करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सर्व नोंदी खुल्या मानकात साठविल्या जातील, करार संपताच त्या संपूर्ण व वाचनीय स्वरूपात परत मिळतील, आणि सार्वजनिक पैशातून घडविलेल्या आज्ञावलीची रचना सार्वजनिक मालकीची राहील. दुसरे, जुन्या टंकांतील दप्तराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची कालबद्ध योजना हाती घ्यावी. त्यासाठी लागणारी साधने उपलब्ध आहेत, आणि ज्या कर्मचाऱ्यांना ते टंक ठाऊक आहेत ते एकेक करून निवृत्त होत आहेत. तिसरे, महाविद्यालयांतून संगणक शिकविताना कोणत्या कळीने काय होते एवढ्यावर न थांबता, लिहिलेले कोठे व कोणत्या संकेतात साठते हेही शिकवावे.

यांपैकी पहिल्या कामासाठी मंत्र्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही. शाळेचा निकाल, ग्रामपंचायतीचा ठराव, पतपेढीचा हिशेब जो माणूस टंकित करतो, तो शिक्षक किंवा लिपिक आज सायंकाळी आपल्या कार्यालयात एवढे विचारू शकतो की, ही फाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडते काय? निजामाच्या कारकुनाला आपली ओळ पुढे कोणाच्या कामी येणार, याची कल्पना नव्हती. त्याने फक्त ती सर्वांना वाचता येईल अशा लिपीत लिहिली. आजच्या कारकुनाकडूनही पिंगळीच्या उद्याच्या नागरिकाला याहून अधिक काही नको आहे.